कामकाजपत्रिकेत अकरावं

लग्नाचे मांडव घालतो आपण.
डिसेंबरात दहा दिवस मात्र
सुवर्णसौधाजवळच्या माळावर उपोषणांचे.
बांबू तेच, झालर तेवढी काढायची.

यंदा कडेच्या मांडवात आपलेच लोक,
तुझ्या सोसायटीतली रोखपाल, खानापूरचे ते दोघे मास्तर.
भाडं घेऊ नको म्हणालीस, सावक्का.
मी डिझेलचे तेवढे घेतले.

विधेयक खासगी. एकाच सदस्याचं.
मसुदा कानडीत, मला ती लिपी येत नाही,
तू रात्री वाचून दाखवलास:
दवाखान्यातली सही, रेशनकार्ड, वारसा,
आणि 'वर', 'वधू' खोडून
'व्यक्ती', 'व्यक्ती'.
तिन्ही शब्द तुझ्याकडे जे, तेच माझ्याकडे.
भाषांतराला थांबायला नको.

सातव्या विषयाला सीमाप्रश्न निघाला.
कागद फाटले. माईक उपटला.
निपाणीकडच्या गाड्या बंद,
आणि सभागृह बेमुदत तहकूब.

फाटकावरचा पोलीस सगळ्यांना सांगत होता,
नाळे बन्नी. उद्या या.
तुला हसू आवरेना.
तुमच्या बैलहोंगलात जुन्या दारांवर लिहायचे ना, 'नाळे बा',
भूत वाचतं, माघारी फिरतं,
दुसऱ्या रात्री पुन्हा हजर.
बिचारं शिकलेलं.

दहिवरानं सुतळी फुगली होती.
गाठ तू दातांनी सोडवलीस.
आठ बांबू मी टेंपोत चढवलेच नाहीत.
मोजून घे, म्हणालीस, आठ कमी आहेत.
म्हटलं, असू देत. घरी लागतील.
झालर कुठल्या पेटीत ठेवलीयस?