बाद नोंद

प्रयोगशाळेत सगळं सोपं होतं:
बिनखिडकीची खोली, दोन खुर्च्या, एक बटण,
आणि पाच पौंडांत माणसं प्रामाणिक.

मग सर म्हणाले, आता रस्त्यावर जा.
म्हणून डंडीत, पर्थ रोडच्या उतारावर,
दर बारा मिनिटांनी
मी संत्र्यांची पिशवी सांडते.
संत्री घरंगळत जातात,
मी चेहऱ्यावर 'अगंबाई' आणून उभी,
आणि बसथांब्यावर कॅलम
पेपराआडून रेघा ओढतो:
थांबले. थांबले नाहीत.
पाहून न पाहिल्यासारखं केलं.
हा तिसरा रकाना मागाहून वाढवावा लागला.

मिसेस गिलफिलन मंगळवारी थांबल्या,
गुरुवारी थांबल्या.
सोमवारी लांबूनच म्हणाल्या,
"आज सांडू नकोस गं पोरी,
गुडघे धरलेत माझे.
दे इकडे ती पिशवी. कुठवर न्यायचीय?"

मी कॅलमकडे पाहिलं.
त्याची पेन्सिल हवेतच.

नियमाप्रमाणे ही नोंद बाद.
चहा त्यांच्याकडे झाला.
संत्री तिघांनी सोलून खाल्ली,
दोन आठवडे आपटून आपटून
पार मऊ पडलेली.
एकाला बुरशी होती.
कॅलमने तेवढी लिहून घेतली.