मापाची वही

वहीत सगळ्यांची मापं आहेत.
दाळमिलवरच्या गवळणबाईची छाती अडतीस,
नळेगावच्या मास्तरीणबाईंचा दंड साडेअकरा,
सात वर्षांमागच्या एका नवरीची कंबर
जी आता तिलाही आठवत नसेल.

माझं पान शेवटचं. पेन्सिलीनं,
कारण सारखं खोडावं लागायचं.
कंबर चढायची, दंड उतरायचा.
टेप खोटी बोलते म्हणून नवी आणली.
तीही तेच बोलली.

बाया म्हणायच्या, सत्यशीला, तोंड कसं भरलंय,
चांदावानी!
उदगीर मानवलं गं तुला.
एकीनं पोटाकडं बघत विचारलं, कितवा?
म्हटलं, छत्तिसावा.

पोटावर जांभळे ओरखडे, वांग्याच्या सालीचे.
सासूनं मानेखाली हात फिरवला,
"वशिंड आलंय की पोरी,"
आणि पदर तोंडाला लावला.
त्या रात्री तिनं तूप-हळद कालवली,
पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात
तशी माझी मान मळत बसली.
बोलली काहीच नाही.

झोप नव्हती. तीन वाजता हुका, काजं.
अंगात कुणीतरी दार बडवायचं, ऊठ, आग लागली!
बाहेर गल्लीत साधं कुत्रंही नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी मागितली.
एसटीत कॅन मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, तेल का?
म्हटलं, हो, घाण्याचं.

मग रात्री अकराचं रक्त.
"सकाळी चढतं, रात्री उतरायला पाहिजे.
तुमचं उतरतच नाही."
कॉर्टिसॉल.
वहीत लिहून घेतलं, कंबरेच्या खाली.

मेंदूच्या बुडाशी गाठ. केवढी?
डॉक्टरांनी करंगळीचं नख दाखवलं,
अर्ध्यावर बोट ठेवून.
गवळणबाई सोबत होती. म्हणाली,
म्हंजे तुरीएवढी.
तीस वर्षं दाळ निवडलेली बाई.
चष्मा लावून ती फिल्मवर वाकली,
चिमटी पुढं केली,
जणू सुपातून खडा काढायचाय.

काढली. हैदराबादला, नाकातून.
आता हाडं ठणकतात, उठवत नाही.
वर्ष जाईल म्हणाले.
अंग विसरलंय सकाळ कशी करायची.

काल गवळणबाई ब्लाऊज टाकायला आली,
तिनंच टेप उचलली, माझा दंड मोजला.
लिही, म्हणाली.
पेन्सिलीचं टोक झिजलेलं.
दातानं सोललं.