चतुःसीमा

मौजे खारकोंड, तालुका पनवेल.
पूर्वेस टेकडी होती. तिचा मुरूम
भरावात गेला;
तेव्हापासून आमच्याकडे थोडं लवकर उजाडतं.

पश्चिमेस मिठागरं, पलीकडे खाडी,
मध्ये उघाडी. तिची फळी
जोमा आजा भरतीआधी पाडायचा,
घड्याळ न बघता,
तळपायाला चिखल गार लागला की.

इतिहास म्हणाल तर
एका अवसेच्या उधाणात बांध फुटला
आणि ऐन पोटरीतल्या भातात बोयटं शिरली.
त्या साली बापानं शेतात पाग टाकला.
पुढची सात वर्षं मात्र
जमिनीनं मिठाशिवाय काही दिलं नाही.

दक्षिणेस सेक्टर एकवीस.

मोजणीदार विचारतो,
उत्तरेस काय लिहू, आजी?
पदीबाई म्हणते, येस.
त्याला वाटतं, म्हातारी इंग्रजीत हो म्हणाली.
हो काय? उत्तरेस काय आहे?
ती बोलत नाही. एटीएमच्या पायरीशी
चपला काढते, आणि तिथून पुढं
गावदेवीपर्यंत
तापल्या डांबरावर अनवाणी चालत जाते.

तो रेघ ओढतो.
शाई वाळायला वेळ लागतो;
हवा अजून खारीच आहे.