डावा पुढचा पाय

बाणेरच्या तिसऱ्या मजल्यावर
नऊ आठवडे मी एका देवाचा
डावा पुढचा पाय हलवते आहे.
बाकीचे पाच पाय दुसऱ्यांकडे.
शेपूट हैदराबादला.

त्याच्या पाठीवर रान आहे, पोटात विहिरी,
तो श्वास सोडतो तेव्हा दरी धुक्यानं भरते
असं कागदावर लिहिलंय.
पडद्यावर मात्र तो
रिकाम्या टँकरसारखा डुगडुगतो.

पलीकडून निरोप येतो : अजून ताकद हवी.
मी धूळ वाढवते. कॅमेरा हादरवते.
डोळ्यांत निळा उजेड भरते,
एक वीज पाडते, मग तिच्यावर दुसरी.
निरोप येतो : अजून.

सिद्राम गवत करतो. फक्त गवत.
अक्कलकोटकडचा, मोजकं बोलणारा.
परवा माझ्या खुर्चीमागं उभा राहिला, म्हणाला,
"तुमचा देव लई घाईत हाय की ओ मॅडम.
कुणाला भितोय का काय?"

मला राग आला.
डबा अर्धा खाऊन बंद केला.

त्याच रात्री साडेबाराला
म्हसोबा गेटपाशी स्कूटर बंद पडली.
मेट्रोच्या खांबांचा सिमेंटचा वास, एक पिवळा दिवा,
आणि शेंदूर चढून चढून गोल झालेला तो धोंडा.
डोळे दोन, चांदीचे, कुणीतरी चिकटवलेले.
त्याला पाय नाहीत, मान नाही, सांधा नाही,
माझ्यासारखीनं जिथं एखादी हालचाल बांधावी
अशी जागाच नाही.

आणि तरी
शिटी वाजवत येणारा पोरगा
इथवर येऊन शिटी गिळतो.
काँक्रीटचा मिक्सर, एवढं धूड,
उगाच हळू होतो. ड्रायव्हरचा हात
छातीशी जाऊन परत चाकावर :
सेकंदाच्या चोवीस चित्रांतली फार तर नऊ.
(मोजली मी. सवय.)
हॉटेलातून सुटलेली बाई
एकाच पायातली चप्पल काढते,
दुसरा पाय दमलेला आहे,
तेवढ्यावर दोघांचं भागतं.

धोंडा जागचा हलत नाही.
हलायचं काम त्यानं
बाकीच्यांना वाटून दिलंय.

मी हात जोडले का? नाही.
हेल्मेट काढलं. उकडत होतं.

सकाळी येऊन आधी विजा पुसल्या.
मग धूळ. मग पायातल्या शंभरातल्या ऐंशी हालचाली.
आता तो पाऊल उचलण्याआधी
चार सेकंद काहीच करत नाही.
एका झाडावरचे पक्षी गप्प होतात, एवढंच.

सिद्रामला म्हटलं, "गवत आधी वाकव.
पाय यायच्या आधी."
"किती आधी?"
"आई चिडणार हे आपल्याला
ती चिडायच्या किती आधी कळतं?"
तो पहिल्यांदा हसला. "मग लईच आधी."

शुक्रवारी उत्तर आलं : मंजूर.
फक्त वीज परत टाका,
जाहिरातीला लागते.

टाकली. लांब, डोंगराच्या मागं, लहानशी.
ती पडते तेव्हा गवत
तिकडे बघतसुद्धा नाही.
ते केव्हाचं वाकलेलं असतं.