कलम चौदा

मसुद्याच्या पहिल्या प्रतीत कलम चौदा असं होतं :
‘हिवाळ्यात बाजूला सारलेल्या बर्फासाठी
रस्त्याच्या कडेला दीड मीटर जागा सोडावी.’
कुमासीत बर्फ असतो
तो मासळीवाल्या बायकांच्या पेटीत.
कुठल्याशा थंड शहराचा कागद
आमच्या पालिकेच्या अंगावर चढला होता,
थोरल्याचा कोट धाकट्याला घालावा तसा.
मी हसले. मग आठवलं,
आधीच्या तेरा कलमांवर
मी न हसता सही केली होती.

दुसऱ्या दिवशी बांतामात खोदकाम.
मुकादम ओदुरोने पहारीने
डांबराचा एक ढलपा उचकटला, माझ्यापुढे उभा धरला :
“मोजा.”
सात थर.
सगळ्यात खालचा त्याच्या लग्नाच्या वर्षीचा.
तिसरा निवडणुकीचा.
चौथ्यात खडी कमी. “तो ठेकेदार वारला, जाऊ द्या.”
वरचा मागच्या डिसेंबरातला,
हारमाटानची धूळ आत अडकलेली.
“दर वेळी वरूनच घातला, मॅडम.
खरवडायचे पैसे कुणी दिलेच नाहीत.”

समोर सेरवाचं शिवणाचं दुकान.
तिच्या आईच्या वेळी तीन पायऱ्या चढून जावं लागे,
मग दोन, मग एक,
मग काही वर्षं उंबरा आणि रस्ता एकाच पातळीवर,
शेजाऱ्यांसारखे.
आता दोन पायऱ्या उतरायच्या.
दुकान जागचं हललं नाही,
रस्ता तेवढा वाढत्या अंगाचा निघाला.
पाऊस लागला की सुबिन नदी
सगळ्यांच्या आधी हिच्याकडे येते
आणि भिंतीवर कमरेचं माप ठेवून जाते.
मशिनीच्या पायांखाली विटा. चार.
“रस्ता छान केलाय हो तुम्ही,” ती म्हणाली,
“फक्त तो माझ्या डोक्यावर आहे.”

तो ढलपा मी समितीच्या टेबलावर ठेवला.
पांढरी चादर काळी झाली. अग्येकुम साहेबांनी
पाण्याची बाटली जरा लांब सरकवली.
कर्बाचे आकडे झाले, सायकलींचे झाले,
कडुनिंबाच्या बुंध्याभोवती किती माती उघडी ठेवायची
यावर पाऊण तास गेला.
(तो बरा गेला.)
ओदुरोची खुर्ची दाराशी.
इंग्रजी येत असून तो त्वीतच बोलला :
“माझी आई तांबड्या मातीने ओटा सारवायची.
नवा हात फिरवण्याआधी जुने पोपडे काढायची.
नाहीतर एव्हाना आम्ही छपरावर जेवलो असतो.”
इतिवृत्तात नोंद आहे :
‘एका उपस्थितांनी अनुभव मांडला.’

रात्री वीज गेली.
मोबाइलच्या उजेडात मी बर्फ खोडला.
दीड मीटर का कोण जाणे तसंच राहू दिलं.
खाली लिहिलं :
रस्त्याची उंची कडेच्या सर्वात जुन्या उंबऱ्यावरून ठरवावी.
नवा थर देण्याआधी जुना काढावा.
काढलेलं डांबर टाकू नये, त्याच रस्त्याच्या पोटात घालावं.
पाण्याला आधी विचारावं.

शेवटचं वाक्य विधी विभागाने उडवलं :
पाणी हा पक्षकार नाही.

मंजुरी पुढच्या अर्थसंकल्पानंतर. म्हणजे बघू.
तोवर उंबरे मोजत फिरतोय आम्ही,
आजवर दोनशे अकरा.
सेरवाकडे ओदुरोची पोलादी टेप गंजून अडकली,
तेव्हा तिने गळ्यातली कापडी काढली,
एक टोक उंबऱ्यावर, एक डांबरावर :
“बेचाळीस. लिहा.”
टेप गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं,
गिऱ्हाइकाच्या पोराचा गणवेश बेतताना विचारावं तसं :
“आणि कडेला माया किती ठेवलीत?
उद्या अंग भरलं, उसवावं लागलं,
तर?”

मी मसुदा उघडला,
खोडलेल्या बर्फाशेजारी
बोट ठेवलं.