आठ पॉइंट सहा

यंत्र लहानसंच, डब्याएवढं.
मूठभर सोयाबीन ओतायचं, झाकण पिळायचं,
तीनदा वाचायचं, मधला आकडा लिहायचा.
बारावी सायन्सवर मला ही नोकरी लागली
मानोऱ्याच्या रस्त्यावरल्या गोडाऊनात,
जिथे आधी जिनिंग होतं
आणि पत्र्याच्या सांध्यांत अजून कापूस अडकलेला आहे.

जानराव कट्ट्याच्या पोटात परखी खुपसतो,
दाणे नळीतून घसरत माझ्या टेबलावर येतात.
दहाच्या वर जितकं, तितकी कटती.
बारा पॉइंट चार, म्हणजे क्विंटलमागे दोन किलो चारशे
पाणी म्हणून वजा.
कोणी म्हणतं, "पुन्हा लावून पाय ना बाई."
मी पुन्हा लावते.
पाणी तेवढंच असतं.

पंचफुला मडावी ऑटोत सहा कट्टे घालून आली.
चार दिवस वाळवलं होतं शाळेच्या पटांगणात,
दिवाळीच्या सुट्ट्या होत्या म्हणून जमलं.
रात्री ताडपत्री. सकाळी पुन्हा अनवाणी
दाण्यांत पाय ओढत फिरायचं, खालचं वर, वरचं खाली,
आणि बकऱ्या हाकलायच्या.
यंत्र म्हणालं, आठ पॉइंट सहा.
"बरं हाय का?"
"लय चांगलं हाय, मावशी."
"मंग जास्त देसान?"

मी फॉर्म पाहिला.
ओलावा, काडीकचरा, डागी, चाळणी, हमाली, नमुना.
सगळे रकाने वजाबाकीचे.
उन्हाला रकाना नाही.
मी ओलाव्याखाली शून्य लिहिलं
आणि ते तिला बक्षीस मिळाल्यासारखं दाखवलं.

संध्याकाळी शटर अर्धं खाली येतं
तेव्हा खरं काम सुरू होतं.
नदीकाठचा ढीग, पंधरा पॉइंट दोनचा,
हात घातला तर गार लागणारा.
त्यातलं एक घमेलं, पंचफुलाबाईच्या ढिगातलं एक,
एक हे, एक ते,
जानराव मोजत नाही, त्याचे खांदे मोजतात.
ट्रक भरला की शेवटची मूठ माझ्याकडे.
अकरा पॉइंट नऊ.
तेलाच्या प्लांटला बारापर्यंत चालतं.

"सर, घेताना दहा आन् विकताना बारा?"
नेवारे सर मोबाईलवरून मान वर न करता म्हणाले,
"त्या मधल्या दोनात तुमचा पगार बसलाय, मॅडम."

म्हणजे पाणी कुठे गेलंच नव्हतं.
कागदावरून उतरलं, ट्रकमध्ये चढलं,
आणि सोयाबीनच्या भावानं अकोल्याला निघालं
पटांगणातल्या चार दिवसांच्या उन्हाच्या कडेवर बसून.

आठवड्यानं ती बारदाना न्यायला आली.
सहा कट्ट्यांचे पाचच मिळाले, त्यावरून जानरावशी भांडली.
मी तिला बाजूला घेतलं, हळूच सांगितलं,
"पुढच्या साली दोनच दिवस वाळवजो मावशी.
दहावर थांबजो. त्याच्या खाली कोणी पैसे देत नाही."
ती माझ्याकडे अशी पाहू लागली
जसं मी तिला दुधात पाणी घालायला सांगितलं.
"मंग काय ओलं इकू लोकाइले?"

जाताना ट्रकखाली सांडलेले चार दाणे तिनं उचलले.
एक दाताखाली धरला.
वाळलेलं असलं की कट्ट वाजतं.
वाजलं नाही. नुसतं दबलं.
"हे माह्यं नोहे," म्हणाली,
आणि उरलेले तीन दाणे
माझ्या टेबलावर, यंत्राशेजारी ठेवून गेली.

त्यातलं एखादं तिचंच असेल,
हे मी म्हणाले नाही.
तीन दाण्यांवर यंत्र चालत नाही.
मी ते नमुन्याच्या पिंपात टाकले,
जिथे सगळ्यांच्या मुठी पडतात.
हंगाम संपेपर्यंत त्या पिंपाचे
सतरा कट्टे होतात,
आणि त्यांचा ओलावा
कोणी मोजायला सांगत नाही.