एकतीस ऑगस्ट

फेब्रुवारीतला शनिवार. फायर स्टेशनात, लाल बंबाच्या कुशीला,
घडीचं टेबल, माझा स्टेपलर, थर्मासमधली काळी कॉफी,
आणि याकिमाच्या खोऱ्यातली निम्मी पोरं रांगेत,
नाक ओढत, ग्लोव्हमध्ये मूठ आपटत.
मी जन्मदाखले बघते. एवढंच माझं काम.
अठरा वर्षं झाली. माझी स्वतःची केव्हाच खेळून मोकळी झाली,
मी राहिले.

नियम सोपा: एकतीस ऑगस्टला जे वय, ते वय.
त्या रात्री बाराच्या आत जो आला तो मोठ्यांत,
बारानंतरचा अजून वर्षभर लहान.
रेघ कुठेतरी मारावीच लागते, असं मी सांगते आयांना.
एक म्हणाली, मी कळा दाबून धरल्या असत्या,
कुणी आधी सांगितलं असतं तर.

एउसेबिओ बाल्दोविनोस टोपी काढून उभा राहिला.
दोन पोरं, दोन दाखले.
आन्सेल्मो: एकतीस ऑगस्ट, रात्री अकरा बावन्न.
फिदेन्सिओ: एक सप्टेंबर, रात्री एक वीस.
मी कागद दोनदा वाचले, मग पोरांकडे पाहिलं.
थोरला धाकट्याच्या कानाला लागत होता.
म्हटलं, हा अकराचा, हा दहाचा. वेगळे गट, वेगळी मैदानं.

बाप बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, पहिला ट्रकमध्ये झाला.
बागेतून निघालो, हॉस्पिटल एकोणीस मैल,
हर्लिंदा मागच्या सीटवर, टॉर्च माझ्या दातांत.
नंतर नर्सने वेळ विचारली. मी डॅशबोर्डवर पाहिलेली सांगितली.
ते घड्याळ मी मार्चमध्ये पुढे करत नाही.
बारा महिने हिवाळ्याचीच वेळ,
उन्हाळ्यात एक तास मनात मिळवतो.
त्या रात्री मिळवायचा राहिला.

मी बोटांवर मोजलं. बारा बावन्न.
हिशेब बरोबर होता, आणि काही कामाचा नव्हता.
शिक्का दाखल्यावर असतो, डॅशबोर्डवर नसतो.
मी लिहिलं: अकरा. त्याखाली: दहा.
पोरांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मार्चमध्ये चाचणी. पाच चेंडू जमिनीवरचे, पाच हवेतले, पाच फटके.
कोच टर्हून थंडीने वाकड्या झालेल्या बोटांनी गुण देतो, एक ते पाच.
फिदेला चार, चार, पाच.
आन्सेल्मोला तीन, दोन,
आणि फटक्यांपुढे दोन खोडून तीन, मग पुन्हा दोन.
मी विचारलं, अदलाबदल करता येईल?
टर्हून हसला. गुण म्हणे घरातली खोली ठरवतात,
घर वय ठरवतं.

आणि एप्रिल. पेअरच्या फुलांवर रात्री दव गोठू नये
म्हणून बागांतले पंखे पहाटेपर्यंत घरघरतात,
पोरं शाळेत पेंगतात, सहाला मैदानावर असतात.
चार नंबरवर आन्सेल्मो, पन्नास फुटांवरून
मिसरूड फुटलेला एक पोरगा त्याच्यावर चेंडू सोडतो.
हेल्मेट डोळ्यांवर येतं. तो ते वर ढकलतो. पुन्हा येतं.
दोन नंबरवर फिदे, शेचाळीस फुटांवर सगळं सोपं,
दुसऱ्या बेसवर बुटाने माती उकरत उभा,
तोंड कुंपणाकडे.

तिसऱ्या डावात आन्सेल्मोची बॅट लागली. नीट नाही,
कडेला, टक्क, वेडावाकडा उडाला चेंडू,
कुंपणावरून थेट दोन नंबरवर.
फिदेने आपला खेळ सोडून तो उचलला.
पंचाकडे द्यायचा असतो. त्याने दिला नाही.
त्याने भावाकडे फेकला, सगळ्या अंगाने,
आणि आन्सेल्मोने बॅट टाकून
उघड्या हातात झेलला.
दोन्ही मैदानांवरचे पंच एकदमच ओरडले.
कुणीतरी फिदेच्या आउटफिल्डमधून तोवर दोन धावा पळाला.

मी नाचोंच्या खिडकीत होते, सुट्टे आणायला गाडीकडे निघाले.
वाटेत तो ट्रक. काच खाली, आत कुणी नाही,
किल्ली तशीच, हिरवे आकडे: पाच सदतीस.
मी एक तास मिळवला
आणि सुट्टे घेऊन परत गेले.